छोटी बोलते, काळजी करू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही मजेत. थंडी, नोकरी, धावपळ नेहमीचीच, ते पुन्हा लिहीत बसत नाही. रविवारी फोन ठेवताना आईचा आवाज उतरलेला वाटला, म्हणून हे सविस्तर पत्र. फोनवर मी "बघू, बघू" करून विषय बदलते, ते तुम्हालाही कळतं.

आधी आईचा मुद्दा, छोटी बालवाडीत बोलत का नाही. तिला डॉक्टरांना दाखवलं आहे. इथे जर्मनीत चौथ्या वाढदिवसाच्या आधी प्रत्येक मुलाची ठरलेली तपासणी असते, तिचं नाव ऊ-आख्ट. कान, डोळे, बोलणं, सगळं बघतात. कान उत्तम आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी पूर्ण वाक्यं बोलते का? म्हटलं, वाक्यं कसली, वाद घालते! कुठल्या भाषेत? मराठीत. मग त्या म्हणाल्या, तेच चालू ठेवा. नव्या भाषेत जाऊन पडलेली बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकत राहतात. ती घरीसुद्धा गप्प झाली असती तर मी स्वस्थ बसले असते का, आई?

आणि काकांना सांगा, "तिच्याशी इंग्रजीत बोलून बघा" हा उपाय चालणार नाही. तिला इंग्रजी येतच नाही. इथल्या बालवाडीत जर्मन बोलतात.

बालवाडीवरून आठवलं, तुम्ही विचारलं होतं की ती सुरू झाली तेव्हा मी इतकी रजा का घेतली. इथली ही पद्धत मलाही आधी खुळचटपणाची वाटली होती. आपल्याकडे मुलाला दारात सोडायचं, ते रडतं, बाई आत ओढून घेतात, आठवड्याभरात रुळतं. इथे तसं चालत नाही. पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने मुलाबरोबर वर्गातच बसायचं, तासभर. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, कोपऱ्यात खुर्ची टाकून गप्प बसायचं, आणि मग दोघांनी घरी जायचं. चौथ्या दिवशी मुलाला नीट सांगून, हात हलवून, खोलीबाहेर जायचं, तेही जरा वेळ आणि इमारतीतच. मूल रडलं आणि बाईंच्या कुशीत शांत झालं तर ठीक. नाही झालं तर लगेच परत आत, आणि पुढचे काही दिवस पुन्हा खुर्ची. चोरून निघून जायला सक्त मनाई. याला आइनगेव्योनुंग म्हणतात, आणि कुठल्याही ऑफिसात हे कारण सांगितलं की कोणी भुवई उंचावत नाही. मला त्या बुटक्या खुर्चीवर बसून पाठदुखी झाली, पण आता त्यातला अर्थ कळतो. आधी माणूस आपलं व्हावं लागतं, मग त्या माणसाची भाषा पोटात शिरते. छोटी त्या बाईंच्या मांडीवर बसायला लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं सगळं टिपत होती. वर्गात तोंड बंद, पण घरी बाहुल्या ओळीत बसवून, कमरेवर हात ठेवून, अगदी त्या बाईंच्या सुरात त्यांना जर्मनमध्ये दटावायची. बूट कुठे ठेवायचे यावरून. मी दाराआडून ऐकत उभी! आता वर्गातही बोलते, म्हणून म्हणते, काळजी सोडा.

दोन भाषांनी गोंधळते का? मिसळते, हो. परवा म्हणाली, "सूर्य झोपली." जर्मनमध्ये सूर्य बाई आहे, तिचा काय दोष. पण मिसळणं म्हणजे बिघडणं नव्हे. रोंजा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने १९१३ साली आपल्या मुलाच्या नोंदी छापल्या. बाप फक्त फ्रेंच बोलायचा, आई फक्त जर्मन, आणि पोरगा दोन्ही भाषा नीट शिकला. माँट्रियलमध्ये दोन भाषा येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, १९६२ मध्ये, तर ती मागे नव्हती, पुढेच होती. हे सगळं मी रात्री जागून वाचलंय. नुसतं मनाला येईल ते करत नाहीये.

खरी भीती मला जर्मनची नाहीच. जर्मन दारात, बागेत, बसमध्ये, सगळीकडे तिची वाटच बघत उभी आहे. सहाव्या वर्षी शाळा सुरू झाली की ती घरातही घुसेल. मराठीला मात्र इथे आम्ही दोघं, आणि तिकडे तुम्ही. आपला ट आणि त वेगळा ऐकू येणं हीसुद्धा कायमची देणगी नसते. कॅनडात १९८४ साली केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक कळत होता, वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा तो गेला. आपली अजून "ताट" आणि "टाक" स्पष्ट म्हणते. ते टिकवायचं आहे.

म्हणून बाबा, एक विनंती. तुम्ही गोष्टी रेकॉर्ड करून पाठवता, त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर सांगा. अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवली, तर समोर बसलेल्या माणसाकडून ती भाषेचे आवाज शिकली, तेच टीव्हीवरून काही शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलचं मात्र चालतं, कारण पलीकडचं माणूस थांबतं, विचारतं, हसतं. तुमच्या रेकॉर्ड केलेल्या गोष्टी वाया जात नाहीत हं. त्या मी ऐकते, रात्री भांडी घासताना.

आणि कॉलवर "बोल ना, आजीला बोलून दाखव" नको. आई, तू तिला काही विचारूच नकोस. तू तुझं काम करत राहा आणि काय करते आहेस ते सांगत राहा. मध्येच चुकीचं काहीतरी बोल. ती चूक काढल्याशिवाय राहणार नाही. इथले चार म्हणजे सध्या तुमचे साडेसात, तेव्हा ती ताजीतवानी असते. तुमच्या मालिकेची वेळ आहे, माहीत आहे मला.

आता लग्नाचं. धाकट्याच्या लग्नाला मी आणि छोटी येतोय, तिकिटं काढली. ह्यांची रजा मंजूर झाली नाही. व्याह्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण ह्यांचं येण्याचं मन नव्हतं असं कृपा करून कोणाला वाटू देऊ नका. मी महिनाभर राहीन म्हणाले होते, ते जमत नाहीये, दोनच आठवडे. तयारीला माझा काही उपयोग नाही, ते सगळं पुन्हा ताईवरच पडणार. तिला मी वेगळं लिहिते. हॉलचे पैसे मी भरणार आहे. बाबा, एफडी मोडू नका, मोडली असेल तर निदान दुसरी तरी राहू द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नानंतर म्हणून पुढे ढकलू नका, त्याचेही पैसे वेगळे पाठवते आहे. दुसऱ्या बाळाचं आल्यावर बोलू. कॉलवर ह्यांच्यासमोर विचारू नका.

तुमची,
मधली

ता. क. पैसे या आठवड्यात जमा होतील. बँकेचा मेसेज आला की कळवा, आणि कोणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका.