दारफूरसाठी तुमची सही आणि थोडा वेळ हवाय

मंडळी, सुदानमधल्या दारफूरबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

एल फाशर ही उत्तर दारफूरची राजधानी. मे २०२४ पासून आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) या, सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या निमलष्करी दलाने शहराला वेढा घातला, जवळपास दीड वर्ष. शेवटी शेवटी तर शहराभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे धान्य आत यायला नको आणि माणूस बाहेर पळायला नको. आतले लोक शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड खाऊन जगत होते, तीच जी गुरांपुढे टाकतात, पुढे तीही मिळेना. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर आरएसएफच्या हातात पडलं. तिथल्या सौदी प्रसूती हॉस्पिटलमध्ये पेशंट आणि सोबतचे नातेवाईक मिळून ४६० च्या वर माणसं मारली असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. येल विद्यापीठाच्या संशोधकांना सॅटेलाइट फोटोत जमिनीवरचे रक्ताचे डाग दिसले. आकाशातून दिसले हो!

आणि हे अचानक झालेलं नाही. हे आरएसएफवाले म्हणजे २००३ पासून फूर, मसालित, झघावा लोकांची गावं जाळणारे तेच जंजावीद नावाचे हत्यारबंद टोळीवाले, २०१३ मध्ये सरकारनं त्यांना अधिकृत दल करून टाकलं. २०२३ मध्ये पश्चिम दारफूरची राजधानी एल जनीना इथे मसालित लोकांना वेचून वेचून मारलं, यूएनच्या तज्ज्ञांचा अंदाज १० ते १५ हजारांचा आहे. एल फाशरचं पण तेच होणार हे सगळ्यांना दिसत होतं, सुरक्षा परिषदेनं जून २०२४ मध्ये वेढा उठवा असा ठरावसुद्धा केला, पण तो पाळला जातोय का हे बघायला कुणी गेलंच नाही. रवांडात १९९४ ला कत्तल चालू असताना याच परिषदेनं शांतिसैनिक वाढवायचे सोडून २७० वर आणायचं ठरवलं होतं, त्यामुळे आपोआप काही होईल ही आशा आम्ही सोडलीय, लोकांनी मागे लागल्याशिवाय सरकारं हलत नाहीत. (सुदानी लष्करही धुतल्या तांदळासारखं नाही, त्यांनी भरल्या बाजारांवर बॉम्ब टाकलेत, आमची मागणी दोघांसाठी आहे.)

मागणी काय, तर यूएनची शस्त्रबंदी आज फक्त दारफूरपुरती आहे, ती अख्ख्या सुदानला लावा आणि शस्त्रं पुरवणाऱ्या देशांना जाब विचारा. यूएईकडून आरएसएफला शस्त्रं जातात हे आरोप यूएनच्या तज्ज्ञांना विश्वासार्ह वाटले, यूएई ते नाकारतं, मग होऊ दे की उघड चौकशी. दुसरं म्हणजे सामान्य लोकांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय दल पाठवा, दारफूरमधलं आधीचं मिशन २०२० च्या शेवटी गुंडाळलं तेव्हापासून तिथं कुणी नाही. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात भारतही आहे आणि करारातला कुठलाही देश यूएनकडे कारवाईची मागणी करू शकतो, म्हणून हे निवेदन आपण परराष्ट्र मंत्रालयाला देतोय.

सही तर कराच, पण आपल्या खासदारांना एक ईमेल पण टाका, आणि तो स्वतःच्या शब्दांत लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील, कारण कॉपी पेस्ट केलेले शंभर ईमेल एकगठ्ठा बाजूला पडतात. ज्यांना अरबी येतं त्यांनी तर नक्की कळवा, तिथून येणाऱ्या साक्षी मराठीत आणायला माणसं कमी पडतायत.

पैसे आम्ही गोळा करत नाही, आमच्या नावानं कुणी मागितले तर देऊ नका. द्यायचे असतील तर जागतिक अन्न कार्यक्रम, यूएनची निर्वासित संस्था किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांना त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरून थेट द्या, एल फाशरहून जीव घेऊन निघालेले लोक ज्या तवीला गावात पोचले तिथं डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचे डॉक्टर काम करतायत.

अजून एक कळकळीची विनंती, मारहाणीचे आणि गोळ्या घालतानाचे व्हिडिओ फॉरवर्ड करू नका, त्यातले बरेचसे मारणाऱ्यांनीच मिरवायला काढलेत आणि त्यात दिसणाऱ्या माणसांचे घरचे अजून त्यांना शोधतायत. त्याऐवजी हे निवेदन पाठवा. सह्यांचा फॉर्म हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवतो, छापील पण आहे.