स्कोंतोच्या वहीवाल्या आजोबांना

ती. आजोबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण माझं लॅटव्हियन तुम्ही ऐकलंय. त्यात आभार मानायला गेलो की 'पाल्दिएस'च्या पुढं गाडी सरकत नाही. आणि खरं सांगायचं तर हे माझ्या गावच्या लोकांनी वाचावं, असंही मनात आहे. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि दिलबहार या आमच्या तालमींची फुटबॉल मॅच असली की आमच्या पेठा ओस पडतात. तुमची वही काय चीज आहे, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगात शिकायला आलो तेव्हा एका गोष्टीनं डोकं खाल्लं होतं. स्टेडियमचं नाव स्कोंतो, आणि स्कोंतो नावाचा फुटबॉल संघच नाही! प्रोजेक्टला तोच विषय घेतला. मग सुरू झाले हेलपाटे. एका कार्यालयात तीनदा गेलो, तिन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात या'. स्वतःला जुने फुटबॉलवाले म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी भेटायची वेळ दिली आणि आलेच नाहीत. मार्गदर्शक म्हणाले, "मेलेला क्लब कशाला उकरतोस, एखादा मोठा घे." मोठा म्हणजे किती मोठा, काय राव? १९९१ ते २००४, सलग १४ वेळा देशाचं विजेतेपद. युरोपात एवढी सलग मजल तोवर कुणी मारली नव्हती.

तुम्ही भेटलात ते स्टेडियमच्या कुंपणाशी, नोव्हेंबरातल्या त्या घाण दुपारी. पाऊस म्हणावा तर बर्फ, बर्फ म्हणावा तर पाऊस. मी तुम्हाला रस्ता विचारला होता, इतिहास नव्हे. पण 'स्कोंतो' हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि तुम्ही कोटाच्या आतून वही काढली. जाडजूड, कडेला चिकटपट्टी मारलेली. पानापानावर पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, समोरचा संघ, गोल.

किती दाखवलंत त्या पंधरा मिनिटांत! १९९४ साली यूएफा कपमधून स्कॉटलंडच्या ॲबरडीनला बाहेर काढलं, रीगात ०-०, तिकडं १-१, परक्या मैदानावरच्या त्या एका गोलाच्या जोरावर. १९९९ मध्ये चेल्सीला रीगात गोल करू दिला नाही, ०-०. आणि १९९७ चं बार्सिलोनाचं पान. त्यांच्या मैदानावर ३-२ ने हरलेली मॅच, पण तुम्ही खाली रेघ मारली होती ती त्या २ ला. मला तिथंच हसू फुटलं. आमच्या पेठेतला माणूससुद्धा हेच करेल.

स्कोंतोचे खेळाडूही बाहेर गाजले: पाहार्स इथून १९९९ साली इंग्लंडच्या साउथॅम्प्टनला गेला, व्हेर्पाकोव्हस्किस डायनामो कीव्हला. स्कोंतोचेच प्रशिक्षक राहिलेले स्तारकोव्ह्स २००४ साली लॅटव्हियाला युरो स्पर्धेत घेऊन गेले आणि जर्मनीशी ०-० केलं. ते सांगताना तुम्ही दोन्ही हातांच्या बोटांचे गोल करून दाखवलेत. शून्य, शून्य.

शेवटची पानं मात्र तुम्ही भराभर उलटलीत. २०१० चं पंधरावं विजेतेपद, मग कर्ज, थकलेले पगार. २०१५ ला लीगमध्ये दुसरे आले आणि तरी पुढच्या हंगामात वरच्या लीगमध्ये खेळायचा परवाना नाही. २०१६ साली खालच्या 'पिर्मा लीगा'मध्ये खेळायची वेळ आली. बार्सिलोनाला घाम फोडणारा संघ! तेही पान तुम्ही तितक्याच नेटकेपणानं भरलं होतं. डिसेंबरमध्ये दिवाळं निघालं. पुढचं पान उलटलं तर २०१७ चे रकाने आखून तयार, आत काहीच नाही.

अंधारायला लागलं तशी मी फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला, तर बोटं गारठून वळेनात. तुम्ही काय केलंत? खिशातून रिमी या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली, वही तिच्यात घातली, वर गाठ मारली, त्या गाठीवर दुसरी मारली आणि पिशवी माझ्या हातात दिलीत. नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. "रीत," एवढंच म्हणालात. उद्या. आणि चालू लागलात.

आजोबा, २६ हंगामांचं हस्ताक्षर होतं ते. माझ्या घरच्यांनी कुणाला रिक्षाची चावी दिली नसती एवढ्या ओळखीवर. ज्यांच्या हातात कपाटांच्या किल्ल्या होत्या, त्यांनी मला दार उघडलं नाही. तुमच्याकडं होतं ते भिजू नये म्हणून तुम्ही बांधून दिलंत. मी गरीब-श्रीमंत, देशी-परदेशी असल्या गप्पा मारत नाही. पण चांगुलपणाला ओळखपत्र लागत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. रात्री खोलीवर ती गाठ सोडवायला मला दहा मिनिटं लागली. कात्री होती, पण पिशवी कापायला हात धजेना.

प्रोजेक्ट झाला, मार्कही बरे पडले. ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी वही परत आणली तेव्हा त्याच पिशवीत घालून, तशाच दोन गाठी मारल्या होत्या मी. तुम्ही एक टोक धरलंत, एकाच हिसक्यात सोडवलीत आणि माझ्याकडं बघून मान हलवलीत, पोराला साधी गाठसुद्धा मारता येत नाही अशी.

तुमचा,
कोल्हापूरचा पोरगा