बंड्या, पोट्ट्याच्या हातात पैसे दे

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून म्हटलं घाईघाईत फोनवर नको, नीट बसून लिहितो. तुझ्या पोट्ट्याने तुझ्या फोनवरून गेममधले डायमंड (तिथलं चलन) अन् बंदुकीचे स्किन (बंदुकीचं सजवलेलं रूप) घ्यायला ८,४०० रुपये उडवले, तेही एकदम नाही, थोडे थोडे करून दोन महिन्यांत, हे ऐकून मलाही धक्का बसला. तू चिडला ते बरोबरच आहे. पण शेवटी तू म्हणाला ना, "आता १८ वर्षांचा होईपर्यंत याच्या हातात एक रुपया देत नाही", ते मला पटलं नाही बे. तेव्हा बोललो नाही कारण तुझा आवाज भरून आला होता.

अरे तो १३ वर्षांचा आहे. आजपर्यंत त्याच्या हातात स्वतःचे म्हणून किती पैसे आले सांग बरं? काही लागलं की तू आणून देतो, नाही तर वहिनी ऑनलाइन मागवते. पैसे संपताना त्याने कधी पाहिलेच नाहीत. तुझ्या फोनमध्ये तर ते संपतच नाहीत, पिन टाकला की झालं. आपण नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे बर्डीवर, जाऊन समोसा खाल्ला की परतीच्या बसचे पैसे उरायचे नाहीत अन् मग तंगडतोड करत घरी यावं लागायचं, आठवते ना, आपला हिशोब पायाला कळायचा. त्याला तो कळायची जागाच नाही राहिली.

तू विचारलं होतं की सरकारने तर गेमवर बंदी आणली मग हे कसं काय. ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, म्हणजे पैसे टाका आणि जिंकले तर पैसे मिळवा असे. स्किन-डायमंड विकत घेणं त्यात येत नाही. म्हणून तू एवढं कर, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारेल असं सेटिंग असते ते चालू कर, आणि त्याला माहीत झालेला यूपीआय पिन आजच्या आज बदल. कुलूप तर लावायलाच पाहिजे. पण सोबतच त्याच्या हातात त्याचे पैसेही दे, आणि दर महिन्याला दे.

आमच्याकडे काय करून राहिलो ते सांगतो. मोठी आता अकरावीत आहे, क्लासला धरमपेठेत जाते. छत्रपती चौकातून मेट्रो पकडते, बर्डीला गाडी बदलते अन् शंकरनगरला उतरते. आधी रोज सकाळी दारात उभी राहायची, बाबा पन्नास द्या, बाबा झेरॉक्सचे द्या, बाबा रिचार्ज संपला. मागच्या वर्षी जूनमध्ये मी अन् हिने बसून तिचा महिन्याचा खरा खर्च काढला, मेट्रो, रिचार्ज, वह्या-झेरॉक्स, बाहेरचं खाणं, मैत्रिणींचे वाढदिवस, आणि एक तारखेला २,२०० रुपये एकदम तिच्या हातात ठेवले. सांगितलं की यातलं सगळं आता तुझं तू पाहायचं, पुढच्या एक तारखेपर्यंत दुसरे मिळणार नाहीत. नुसता चैनीचा पॉकेटमनी देऊन काही होत नाही असं माझं मत आहे, तो संपला तर फार तर चाट खायला मिळत नाही. ज्याच्यावाचून अडते असा खर्च त्यात असला पाहिजे.

पहिल्याच महिन्यात काय झालं असेल? ११ तारखेला पैसे खलास! एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला कॅफेत वर्गणी ७०० रुपये आणि एक हेडफोन ६५० चा, बाकी असेच इकडे तिकडे. रात्री जेवताना गप्प बसली होती. मग हळूच म्हणाली, बाबा, मेट्रोला पैसे नाहीत. बंड्या, तेव्हा खिशात हात जात होता माझा, खरं सांगतो. हिने तर डोळ्यानेच सांगितलं की द्या ना. मी नाही दिले. पण रागावलोही नाही. म्हटलं, बरं, मग आता कसं करशील? ती थोडा वेळ रडली, मग मागच्या अंगणात पडलेली जुनी सायकल काढली, पंक्चर काढायला लावलं, आणि उरलेले सगळे दिवस सायकलने गेली. जुलैचा पाऊस होता. भिजून घरी आली की माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. त्यातच आईने, म्हणजे तिच्या आजीने, पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून गुपचूप तिला दिली. ते मला कळलं तेव्हा आईजवळ बसून समजवावं लागलं की आई, तू द्यायची तर एक तारखेला दे, खुशाल दे, पण संपल्यावर देऊ नको. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण मग तिला पटलं.

दुसऱ्या महिन्यापासून पोट्टीने स्वतःच मेट्रोचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं.

माझी मोठी चूक हिशोब मागण्यात झाली. सुरुवातीला मी रोज रात्री तिची खर्चाची डायरी पाहायचो, हे कशाला, ते कशाला. दीड महिन्यात लक्षात आलं की दर दुसऱ्या दिवशी "झेरॉक्स ४०" लिहिलेलं आहे. एवढे झेरॉक्स कोण काढते? मग कळलं की ती पाणीपुरीचे पैसे झेरॉक्समध्ये टाकून राहिली होती कारण पाणीपुरी लिहिली की मी तोंड वाकडं करायचो. लेकीला खोटं लिहायला मीच शिकवलं, बाकी कोणी नाही. त्या दिवशी डायरी तिला परत दिली, म्हटलं तुझी तू ठेव, मला दाखवू नको, अडलं तर विचार. आता ती कधी कधी आपणहून दाखवते. म्हणून तुला सांगतो, त्या ८,४०० चा पाढा रोज वाचू नको त्याच्यासमोर. एकदा शांतपणे बसव, मोबाईलवर बँकेचं स्टेटमेंट उघड, आणि ते पैसे कुठून येतात अन् कुठे जातात ते दाखव.

आम्ही मे महिन्याचं लाईट बिल दोघा लेकरांसमोर, मोठी अन् छोटूसमोर, ठेवलं होतं. नागपूरचा उन्हाळा तुला माहीतच आहे, दोन कूलर दिवसरात्र चालतात. छोटूने स्वतः जानेवारीचं बिल शोधून आणलं, बाजूला ठेवून युनिट मोजले, आणि तेव्हापासून खोलीतून बाहेर निघताना कूलर बंद करते ते पोरगं. माझा पगार किती, होमलोनचा हप्ता किती, हेही सांगितलं. आपल्या बाबांनी आपल्याला कधी सांगितलं नाही, आणि आपल्याला वाटायचं की पैसे आहेत पण देत नाहीत.

घरच्या कामाचे पैसे मात्र आम्ही देत नाही. भांडी लावली, पाणी भरलं याचे कसले पैसे? कमवायचे असतील तर बाहेर कमव. मोठीने दहावीची पुस्तकं-गाईड आमच्याच लेआउटमधल्या दोन पोरींना अर्ध्या किमतीत विकले, ते पैसे तिचे.

आता खात्याचं. पहिलं वर्षभर नगदीच दे असं मी म्हणेन. नोट मोडली की हाताला समजते. नंतर खातं काढ. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला परिपत्रक काढलं, १० वर्षांच्या वरची मुलं स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून स्वतः चालवू शकतात, किती रकमेपर्यंत ते प्रत्येक बँक ठरवते. एटीएम कार्ड द्यायचं की नाही तेही बँकेवर आहे. ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, म्हणजे असतील तेवढेच खर्च होतात, आणि आपल्याला तेच पाहिजे. स्टेट बँकेचं मुलांसाठीचं खातं आहेच. पण मला पोस्ट जास्त आवडते, ५०० रुपयांत खातं होते, १० वर्षांच्या वरचं मूल स्वतः काढू शकते. छोटूच्या नावाने आम्ही पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला भरायची ठेव, लावली, महिन्याला १०० रुपये, ५ वर्षं. भरलेले होतात ६,०००, आणि ६.७ टक्क्यांनी शेवटी ७,१०० च्या वर मिळतात. तो दर महिन्याला स्वतः रांगेत उभा राहून भरतो, पासबुकावर शिक्का पडला की घरी येऊन सगळ्यांना दाखवतो.

खातं झालं की एक गोष्ट मात्र पक्की सांगून ठेव. कोणी म्हटलं की तुझ्या खात्यात पैसे टाकतो, काढून दे, तुला हजार-दोन हजार मिळतील, तर नाही म्हणायचं. फसवणुकीचे पैसे असेच पोरांच्या खात्यातून फिरवतात, आणि मग पोलिस येतात ते खातेदाराच्या दारात. पैसे कापल्या गेले तर लपवायचं नाही, लगेच घरी सांगायचं आणि १९३० ला फोन लावायचा. आणि त्याने घरी सांगावं असं वाटत असेल तर बंड्या, या वेळी तू त्याला मारू नको रे. मारला असेल तर जवळ घे.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, तुला सांगतो. मोठी ९ वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन सगळ्या मोहल्ल्यात फिरली होती, शिवाय मामाने, काकाने दिलेला बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, सगळं तिने डब्यात जमवलं होतं. त्या वर्षी माझा पगार तीन महिने थकला होता. गॅस संपला, आणि मी तिचा डबा उघडला. म्हटलं परत ठेवू. नाही ठेवले. तिने कधी विचारलं नाही, म्हणून मला वाटलं विसरली. मागच्या पोळ्याला एकाएकी मला ते आठवलं आणि झोपच लागेना. सकाळी मी तिला जवळ बसवून सांगितलं, आणि १,२०० रुपये तिच्या हातात ठेवले.

ती काही बोलली नाही. आत गेली, जुन्या चित्रकलेच्या वहीचं मागचं पान काढून आणलं. पेन्सिलने लिहिलं होतं, आजी ५०, मामा २००, काका १०१, समोरच्या काकू १०, असं सगळं, आणि खाली बेरीज. १,१४० होते. ६० रुपये तिने मला परत दिले.

पोळ्याला या रे सगळे. तुझी छोटी अजून बैल घेऊन फिरायच्या वयाची आहे, दुसऱ्या दिवशी महाल भागात मारबतीची मिरवणूकही पाहू. गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझा दोस्त