फरशी नंतर, आधी बादलीभर पाणी ओता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बाथरूमची फरशी स्वतःच कशी बसवायची यावर लेख आला होता, वाचून आधी हसू आलं मग जरा राग पण आला म्हणून लिहितोय. लेख टाइलचा रंग कसा निवडायचा इथून सुरू होतो आणि सांध्यांत ग्राउट भरून संपतो, मधे ढाळ (म्हणजे उतार) हा शब्द एकदाही नाही!

मी हे काम स्वतःच्या हाताने केलंय, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. पहिल्यांदा पाणसळ लावून लावून एकेक टाइल अगदी लेव्हलमधे बसवली, घरच्यांना बोलावून दाखवलं पण, बघा कशी सरळ आलीय. पहिल्याच आंघोळीचं पाणी दाराकडे. हॉलची फरशी सपाट लागते, बाथरूमची मुद्दाम उतरती, पाणी जायच्या जाळीच्या दिशेने मीटरमागे साधारण 10 ते 20 मिलिमीटर, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. मग शहाणपणा म्हणून दाराजवळच्या दोन टाइल उचकटल्या, खाली जास्तीचा माल घालून उचलल्या, तर त्या थोड्याच दिवसांत पोकळ वाजायला लागल्या. चिकटवायचा माल जाड थापला की वाळताना आकसतो. ढाळ खालच्या कोब्यातच, म्हणजे टाइलखालच्या सिमेंटच्या थरातच काढायला हवा, गवंडी लोक जाळीपासून कोपऱ्यांपर्यंत दोऱ्या ताणून घेतात ते उगाच नाही.

त्यामुळे कोबा नीट वाळला की टाइलचा बॉक्स उघडायच्या आधी बादलीभर पाणी ओता आणि नुसतं बघत बसा. जिथे डबकं राहील तिथे पेन्सिलने गोल करा, तो खड्डा भरा, परत ओता. कंटाळवाणं आहे, फोटोत छान दिसत नाही, पण निम्मं काम हेच आहे.

दुसरं म्हणजे वॉटरप्रूफिंग, ते लेखात एका ओळीत उरकलंय. टाइल लावली म्हणजे पाणी अडलं असं बऱ्याच जणांना वाटतं पण सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, अडवायचं काम खालच्या थराचं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारायचे, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यांत आणि पाइपाभोवती जाळीचं कापड दाबून, आणि भिंतीवर निदान 150 मिलिमीटर वर चढवून. वाळल्यावर जाळीचं तोंड बुजवून 24 तास पाणी साठवून ठेवायचं, पातळीची खूण करून. माझ्या खाली कोणी राहत नाही म्हणून पहिल्या वेळी वाचलो, खाली शेजारी असतील त्यांनी ही पायरी गाळून तर बघा.

लेखात दिलेली 600 मिलिमीटरची टाइल पण छोट्या बाथरूमला चुकीचीच. चारही बाजूंनी जाळीकडे उतार म्हटल्यावर एवढी मोठी टाइल वळणार कशी, तिरकी कापावी लागते आणि नवख्याला ते जमत नाही. 300 ची किंवा त्याहून लहान घ्या, सांधे जास्त येतात म्हणून पायाला पकड पण चांगली मिळते, फक्त मॅट बघा. व्हिट्रिफाइड असेल तर ती अर्धा टक्का सुद्धा पाणी शोषत नाही, नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर धरत नाही, अ‍ॅडहेसिव्हच लागतं. ते पण थोडं थोडं कालवा, पसरल्यावर वीसेक मिनिटांत वर साय धरते, बोटाला चिकटलं नाही तर सरळ खरवडून टाका. दातेरी थापीने एकाच दिशेला ओढा आणि अधूनमधून एखादी टाइल उचलून पाठ बघा, माल सगळीकडे लागलाय का.

भिंत आणि फरशीच्या सांध्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा, तिथे चिरा जातातच. आणि कटर चालवताना मास्क, चष्मा. लेखातल्या माणसाच्या तोंडावर काहीच नाही, धूळ मात्र फोटोत सुद्धा दिसतेय.

स्वतः करू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, मी दुसऱ्यांदा केलेली फरशी आज पण कोरडी होते दहा मिनिटांत. पण पुढचा भाग छापणार असाल तर लेखकाला एक नक्की विचारा. फोटोत तो दारापासून आत आत टाइल लावत शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसलाय, मागे सगळ्या ओल्या टाइल. बाहेर आला कसा?

आपला,
एक नियमित वाचक