विमानतळावर कोरा कागद ठेवा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात लेकीकडे जायला निघाले होते. आपल्याच एका विमानतळावर (नाव नको, उगाच वाद) फ्लाइट चार तास लेट, बोर्डावर नुसतं 'डिलेड', काउंटरवर धड सांगायला कुणी नाही, खुर्च्यांना मध्ये लोखंडी हात त्यामुळे आडवं होता येत नाही, आणि चार्जिंगचा खांब एकच, वटपौर्णिमेच्या वडाला दोरे गुंडाळावेत तशा त्याला वायरी.

मला जुनी खोड आहे, बँकेत असताना रद्दी व्हाउचरच्या मागे प्राणी काढायची. खरे नव्हेत, आपले मनाला येतील तसे. पर्समधून बॉलपेन काढलं, पण कागद कुठाय? बोर्डिंग पास मोबाइलमध्ये! शेवटी भाकरवडीचा खोका उघडला आणि त्याच्या आतल्या बाजूला सुरुवात केली. एक हत्ती, पायांच्या जागी ट्रॉलीची चाकं, सोंडेला बॅगेचा टॅग. मग सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये वेटोळं घालून बसलेला साप. शेजारचा पाच-सहा वर्षांचा मुलगा, जो इतका वेळ आईला भंडावून सोडत होता, तो वाकून बघत म्हणाला, "आजी, याला बेल्ट काढायला लावला का?" म्हटलं अरे तो स्वतःच बेल्ट आहे, काढणार कसा? मग तो हसला ते थांबेचना, अजून दोन पोरं आली, आणि एक तास कसा गेला कळलंच नाही.

आता आपल्या मुंबई विमानतळाच्या टी-टूचं, म्हणजे टर्मिनल दोनचं, मला कौतुकच आहे हो, २०१४ ला सुरू झालं तेव्हापासून तिथे 'जय हे'ची ती लांबलचक कलाभिंत आहे, पण माणूस गेट गाठायच्या घाईत तिच्यासमोरून सरकत्या पट्ट्यावरून निघून जातो. दोहाला तो पिवळा अस्वल आहे ना, दिवा डोक्यात घुसलेला, २३ फुटी, दिसतो कापडाचा पण आहे चक्क ब्राँझचा, तिथे पोरं पायाशीच लोळतात. सॅन फ्रान्सिस्कोला तर २०१३ पासून ट्रेनिंग दिलेली कुत्री फिरवतात, अंगात जाकीट, त्यावर 'मला कुरवाळा' अशा अर्थाचं लिहिलेलं, नंतर २०१६ ला लिलू नावाची डुकरीण पण आली, नखांना नेलपॉलिश लावून! आपल्याकडे डुकरीण नको म्हणतील, ठीक आहे.

पण गेटपाशी एका टेबलावर खाकी कागदाची गुंडाळी आणि दोऱ्याने बांधलेले चार खडू, एवढं तरी ठेवा की. परफ्यूमच्या दुकानांमधून वळसा घालून चालवता आम्हाला, त्यातल्या एका दुकानाइतकी जागाही नको. आणि हो, खुर्च्यांचे ते हात काढा आधी.

माझा खोका काही लेकीपर्यंत पोचला नाही, सापाचं झाकण त्या पोराने फाडून नेलं आणि भाकरवडी मऊ पडली.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे