भोसरीच्या भंगारात भेटलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना शि. सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. वाचताना लाजलात तरी मला दिसणार नाही.

आपली पहिली भेट झाली तेव्हा मी टेक्ट्रॉनिक्स ५४५ए समोर उकिडवी बसले होते. विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, जवळजवळ ३० किलोंचा ऑसिलोस्कोप. "मॅडम, लावून दाखवतो," म्हणत दुकानदार वायर शोधायला लागला, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "प्लग लावू नका हो. साठ वर्षांचे कपॅसिटर आहेत, फटाका वाजेल." मग तुम्ही बॅटरीचा उजेड पाडून पडदा तिरका पाहिला, फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा थर, कुठे जळलाय का ते. तो ठीक होता. आणि मग विचारलंत, "याचा प्लग-इन कुठाय?" पडद्याखालचं ते चौकोनी भोक मी प्रोब ठेवायचा कप्पा समजले होते! इनपुट घेणारा अँप्लिफायरच त्या प्लग-इनमध्ये असतो, त्याच्याशिवाय हा नुसता उजेडाचा डबा, हे कळल्यावर माझा चेहरा पडला. तुम्ही मात्र पँट वर खोचून ढिगात शिरलात. अर्ध्या तासाने तराजूमागून टाइप सीए नावाचा प्लग-इन निघाला, धुळीने माखलेला पण सगळ्या नॉबसकट.

दुकानदार ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याकडे बघून भाव सांगत होता. "तांब्याचा भाव लावतोस तर पत्र्याचं आणि काचेचं वजन वजा कर की," हे तुमचं वाक्य मी घरी चार वेळा ऐकवलंय.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला. छोट्या हत्तीत खाली स्कूटरची जुनी ट्यूब, वर आमची गोधडी. जिन्यापाशी तुम्ही आधी प्लग-इन काढून माझ्या हातात दिलात आणि माझ्या भावाला खालच्या पायरीवर उभं केलंत, कारण ट्रान्सफॉर्मर मागे असतो आणि सगळं ओझं मागेच पडतं. भावाने तुम्हाला त्या दिवशी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पुढचे सहा रविवार तुम्ही येत राहिलात. मला वाटलं होतं, डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढवलं की झालं. तुम्ही तसं करू दिलं नाहीत. प्रत्येक फिल्टर कपॅसिटर सोडवून, मध्ये मोठा रेझिस्टर घालून, बाहेरच्या सप्लायवर चढवत नेला आणि लीकेज, म्हणजे त्यातून गळणारा करंट, उतरेपर्यंत मीटरकडे बघत बसायला लावलंत. दोन उतरलेच नाहीत. त्यांच्या जागी पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नवे मिळाले.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सोल्डरची रिळी. आतले पार्ट सर्किट बोर्डावर नाहीत, पांढऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्यांच्या खाचांत बसवलेत. मी नेहमीचं सोल्डर घेऊन सरसावले आणि तुम्ही माझं मनगटच धरलंत. त्या खाचांना आतून चांदीचा थर असतो. साधं कथिल-शिशाचं सोल्डर ती चांदी स्वतःत विरघळवतं आणि दोन-चारदा तापवलं की थर सुटतो. म्हणून थोडी चांदी असलेलंच सोल्डर लागतं. "कंपनीने ते आतच ठेवलंय बघ," म्हणालात. खरंच, आत एका कोपऱ्यात छोटीशी रिळी होती, अर्धी वापरलेली. ज्या कुणी ती आधी वापरली, त्यालाही हे माहीत होतं. कुठल्यातरी प्रयोगशाळेतला, तुमच्यासारखाच कुणी.

लोक विचारतात, आता स्वस्तात नवा डिजिटल स्कोप येतो, तो याच्या ३० मेगाहर्ट्झच्याही पुढचं दाखवतो, मग हा हत्ती कशाला पोसायचा? उत्तर नाही माझ्याकडे. शिवाय हा सुरू असला की खोलीत दुसरा हीटर नको. पण नव्यात काही बिघडलं तर मी बोर्ड बदलेन, यात मात्र कुठला व्हॉल्व्ह काय करतो ते बोट ठेवून सांगू शकते. सिग्नल किंचित उशिरा पोचवणाऱ्या डिले लाइनच्या ट्रिमरांची, म्हणजे बारीक जुळवणीच्या कपॅसिटरांची, ती लांबलचक रांग सोडून. "तिला हात लावलास तर मी येणार नाही," असं म्हणाला होतात. लावलेला नाही.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा पंखा घरघरला, आणि बराच वेळ काहीच नाही. मी स्विचकडे हात नेला, तुम्ही नुसती मान हलवलीत. मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबवून ठेवणारा आतला रिले टक्‌ वाजला आणि कॅलिब्रेटरची, म्हणजे तपासणीसाठी स्कोप स्वतःच बनवतो ती, चौकोनी लाट पडद्यावर उभी राहिली. तुम्ही चष्मा पुसत होतात, त्यामुळे ती आधी मी पाहिली.

तुमची कपॅसिटर डिस्चार्ज करायची काठी अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते. आणि एक सांगायचं राहिलं. त्याच दुकानात एचपीचा ८६४०बी सिग्नल जनरेटर, म्हणजे तपासणीसाठी रेडिओ सिग्नल तयार करणारं यंत्र, आलाय, २० किलोंच्या आसपास. त्यातले प्लास्टिकचे गिअर तडकतात हे मी वाचलंय, म्हणून अजून शब्द दिलेला नाही. बघायला याल का? भावाला मी काही बोललेले नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची