बाबा, जावयांनी स्कूटर अडवली नव्हती

नोव्हेंबर २०२५

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा मावशीचा फोन आला. हालहवाल विचारायच्या आधीच म्हणाली, "अगं, जावईबापूंनी म्हणे चोराची स्कूटर अडवली! हाताला लागलं तर नाही ना?" मी क्षणभर गप्पच. मग विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, "दुसरं कोण सांगणार? तुझ्या बाबांनी."

बाबा, म्हणून हे पत्र. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दागिन्यांची चोरी झाली त्या सकाळी आम्ही तिथे काय पाहिलं, ते फोनवर तुम्हाला सगळं सांगितलं होतं, पण फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी प्रश्न विचारता. मी लूव्रच्या खिडकीपर्यंत आले की आई विचारते मुलं जेवली का, आणि तेवढ्या फटीत तुमची गोष्ट पुढे पळते. आता जे पाहिलं ते क्रमाने लिहिते. यापुढे कोणी विचारलं तर हे पत्र वाचून दाखवा, पदरचं काही घालू नका.

१९ ऑक्टोबर, रविवार. आमची लूव्रची तिकिटं सकाळी दहाची होती. संग्रहालय नऊला उघडतं, पण तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, त्यामुळे आधी जाऊन उपयोग नसतो. म्हणून आम्ही रमतगमत निघालो. पाँ देझार नावाचा फक्त पायी चालणाऱ्यांचा पूल आहे, त्यावरून सेन नदी ओलांडली आणि नदीकाठच्या रस्त्याने लूव्रच्या प्रवेशद्वाराकडे, म्हणजे चौकातल्या काचेच्या पिरॅमिडकडे वळलो. उजव्या हाताला लूव्रची लांबच लांब भिंत, डाव्या हाताला नदी. थंडी बरी होती. धाकटीने टोपी घालणार नाही म्हणून रस्त्यातच बसकण मारली होती.

तिथे भिंतीला लागून एक ट्रक उभा होता. ट्रकवरून एक शिडी वर पहिल्या मजल्याच्या सज्जापर्यंत गेलेली. आजूबाजूला रस्त्याच्या कामाला ठेवतात तसले नारिंगी शंकू, आणि चमकत्या पिवळ्या जाकिटातली माणसं. बस. एवढंच.

तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या राजवाड्याला भर सकाळी शिडी लावलेली पाहून कोणाला काही कसं वाटलं नाही? तर ऐका. पॅरिसच्या जुन्या इमारतींचे जिने अरुंद आणि वळणावळणाचे. लिफ्ट असली तरी जेमतेम दोन माणसं मावतील अशी. त्यामुळे घर बदलताना कपाटं, सोफे जिन्यावरून नेतच नाहीत. ट्रकवर बसवलेली शिडी सरळ खिडकीला लावतात आणि तिच्यावरून सरकणाऱ्या पाळण्यातून सामान वर-खाली करतात. आदल्याच दिवशी आमच्या हॉटेलच्या गल्लीत एक फ्रीज असा ऐटीत तिसऱ्या मजल्यावर गेला होता आणि आपली दोन्ही नातवंडं टाळ्या वाजवत खाली उभी होती. म्हणजे त्या रविवारी आम्हाला त्या यंत्राची ओळखही होती. धाकटीने रुसवा सोडून विचारलं, "इथे कोण राहायला येतंय?" मी म्हटलं, इथे पूर्वी राजे राहायचे, चौदावा लुई व्हर्सायला गेला तेव्हापासून कोणी राहत नाही. थोरला म्हणाला, "मग राजा परत येत असेल." तुमचे जावई हसले आणि तेवढ्यात त्यांनी मुलांचा एक फोटो काढला. टोपी वाकडी, चेहरे तिरसट, आणि मागे कोपऱ्यात ती शिडी. फोनवर वेळ नऊ वाजून बत्तीस मिनिटं.

मग आम्ही पुढे चालू लागलो आणि कमानीतून आतल्या चौकात गेलो. काच फुटताना ऐकली नाही, कोणाला पळताना पाहिलं नाही. स्कूटर तर मुळीच पाहिली नाही, बाबा.

पिरॅमिडपाशी पोचलो तर रांग हलत नव्हती. थोड्या वेळाने आतले लोक उलटे बाहेर येऊ लागले, कर्मचारी हात पसरून सगळ्यांना मागे सारू लागले. आधी मला वाटलं आग लागली असेल. कोणी म्हणे बॉम्बची धमकी, कोणी म्हणे संप. लूव्रमध्ये जूनमध्ये कर्मचाऱ्यांनी खरंच अचानक काम बंद केलं होतं, त्यामुळे बऱ्याच जणांना तेच पटलं. खरी भीती वाटली ती त्या वेळी. मी एका हाताने धाकटीचं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट की नंतर तिने लाल झालेला हात मला दाखवला. गर्दी मागे सरकते तेव्हा लहान मुलांच्या उंचीवर नुसत्या बॅगा आणि कोपरं असतात. तुमच्या जावयांनी तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही तुइलरीच्या बागेच्या बाजूने बाहेर पडलो. आमच्या बाजूने शौर्य म्हणावं तर इतकंच घडलं.

एका कॉफीच्या दुकानात बसल्यावर बातमी कळली. फोनवर भिंतीला लागलेल्या शिडीचं चित्र होतं. थोरल्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "हा तर आपला ट्रक!"

आता यापुढचं मी पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे. बाबा, इथे एक रेघ मारून ठेवा, म्हणजे गोष्ट सांगताना दोन्ही एकत्र होणार नाहीत.

चौघे होते. दोघे पाळण्यातून वर गेले, यंत्राने खिडकी कापून 'गॅलरी दापोलाँ' या दालनात शिरले, दोन काचपेट्या फोडल्या आणि तसेच खाली येऊन स्कूटरवरून पसार झाले. नऊ अडतीसला सगळं आटोपलेलं. आठ दागिने गेले. नेपोलियनची दुसरी बायको मारी-लुईझ हिचा पाचूंचा हार आणि कर्णभूषणं, नीलमण्यांचा एक संच, तिसऱ्या नेपोलियनची बायको सम्राज्ञी युजेनी हिचा रत्नजडित शिरपेच आणि आणखी काही. सरकारी वकिलांनी किंमत सांगितली ८ कोटी ८० लाख युरो. पळताना युजेनीचा मुकुट मात्र बाहेरच पडला. १,३५४ हिरे आणि ५६ पाचू असलेला मुकुट रस्त्याच्या कडेला चेपून पडलेला, विचार करा. ट्रक पेटवून द्यायचाही त्यांचा बेत होता, तो साधला नाही. कोणाला इजा झाली नाही. आई, हे वाक्य पुन्हा वाच.

नंतर संग्रहालयाच्या संचालकांनी फ्रेंच सिनेटपुढे सांगितलं की त्या बाजूचा बाहेरचा कॅमेरा भलत्याच दिशेला तोंड करून होता, तो सज्जा त्यात येतच नव्हता. म्हणजे जगातल्या सर्वांत जास्त गर्दीच्या संग्रहालयाचा तो कॅमेरा भलतीकडे बघत होता आणि आपल्या धाकटीच्या वाकड्या टोपीमागे ती शिडी आहे. ही गंमत मला अजून पचलेली नाही.

तुमच्यासाठी खास दोन गोष्टी शोधून ठेवल्या आहेत. एक, चोरी झाली तेव्हा त्याच दालनात 'रीजंट' नावाचा १४० कॅरटचा हिरा होता. तो आपल्याकडचा, कृष्णेच्या काठच्या कोल्लूर खाणीतला. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने तो विकत घेतला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला. त्याला चोरांनी हात लावला नाही. का, ते त्यांनाच ठाऊक. लोकांचा अंदाज असा की इतका प्रसिद्ध हिरा विकणार कोणाला? दुसरी, १९११ च्या ऑगस्टमध्ये याच लूव्रमधून मोनालिसा चोरीला गेली होती. चोर विन्चेन्झो पेरुज्जा तिथेच काम करून गेलेला कारागीर. कर्मचाऱ्यांचा पांढरा अंगरखा घालून आला आणि चित्र घेऊन निघून गेला. दोन वर्षांनी फ्लोरेन्समध्ये सापडला. तेव्हा पांढरा अंगरखा, आता पिवळं जाकीट. कामाचे कपडे घातलेल्या माणसाकडे आपण बघतच नाही, हे चोरांना शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. म्हणून तर मला तुमच्या गोष्टीतली स्कूटर खटकली, बाबा. खऱ्या प्रसंगात पाहण्यासारखं काही नव्हतं, हीच त्या चोरीची करामत होती.

आता पोलिसांचं. तुम्ही फोनवर म्हणालात, "कशाला त्या भानगडीत पडलात, परका देश, भाषा येत नाही." रविवारी रात्री आमचंही त्यावर बोलणं झालं. तुमचे जावई म्हणाले, आपल्या फोटोत असं काय आहे? मी म्हटलं, काय आहे ते त्यांना ठरवू दे. सोमवारी हॉटेलजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. खूप वेळ बसवून ठेवलं, कारण इंग्रजी बोलणाऱ्या बाई दुसऱ्या कामात होत्या. मुलांनी तिथल्या बाकावर अख्खी चित्रकलेची वही संपवली.

बाई चाळिशीच्या असाव्यात, आवाज एकदम शांत. मी सुरुवात केली ती बातम्यांपासून. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, ते मी टीव्हीवर पाहिलंय, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं तेवढं सांगा. मग एकेक प्रश्न. ट्रकचं तोंड कुठल्या बाजूला? पाळणा वर होता की खाली? शंकू रस्त्यावर होते की फुटपाथवर? जाकिटं घातलेल्यांपैकी कोणी तुमच्याकडे पाहिलं का? निम्म्याहून जास्त उत्तरं "आठवत नाही" अशी होती आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही, त्या तेही लिहून घेत होत्या. उलट मी एकदा "बहुधा" म्हणाले तेव्हा त्यांनी पेन थांबवून विचारलं, पाहिलं की वाटलं? मग फोटो उतरवून घेतला. शेवटी फोनवरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, दोन्हींचा एकत्र फोटो काढला. इतक्या धावपळीत घड्याळ बरोबर चालतंय का, हे बघावंसं वाटणाऱ्या बाई मला फार आवडल्या.

जबाब पानभरसुद्धा झाला नाही. तो आम्हाला इंग्रजीत वाचून दाखवला, सही घेतली, आणि फोटो कुठे टाकू नका असं सांगितलं. म्हणून बाबा, तो कुटुंबाच्या ग्रुपवर येणार नाही. तुम्ही चार वेळा मागितलात, पाचव्यांदा मागितलात तरी नाही. त्यात माणसं आहेत, ती कोण आहेत हे आपल्याला माहीत नाही, आणि ग्रुपवरून तो कुठे जाईल याचा नेम नाही. मावशीला टोपीवाला दुसरा फोटो पाठवते.

पंचवीस तारखेला संध्याकाळी पहिली धरपकड झाली, एकाला तर विमानतळावरच उचललं. दागिने मात्र अजून सापडलेले नाहीत. त्या धरपकडीत आमच्या फोटोचा काही हात आहे असं अजिबात समजू नका. पोलिसांना तिथे बोटांचे आणि डीएनएचे दीडशेहून जास्त नमुने मिळालेत. आमचा फोटो कुठल्या तरी फायलीत पडला असेल, पडू दे.

आई, तुझा प्रश्न निराळा होता. मुलं घाबरली का? धाकटी नाही. तिच्या मते राजाचं सामान चोरांनी नेलं आणि आता राजा येणार नाही, एवढीच खंत. थोरला दोन-तीन रात्री उशिरा झोपला. त्याला चोरांची नाही, त्या गर्दीची भीती बसली होती. त्याला खोटं काही सांगितलं नाही. गर्दीत हात सुटला तर कुठे उभं राहायचं, कोणाला आमचा नंबर दाखवायचा, हे दोघांकडून घोकून घेतलं. त्यानंतर त्याला झोप लागली. मला मात्र अजून रस्त्यात पिवळं जाकीट दिसलं की मान वळते. होईल कमी.

आणि या सगळ्यावरून तू एप्रिलचं पॅरिस रद्द करायचं म्हणतेस, ते मला पटत नाही. असले दरोडे आपल्यासारख्यांच्या वाट्याला येत नाहीत, आपल्या वाट्याला येतो तो खिसेकापू. मेट्रोत दाराजवळ फोन हातात धरून उभं राहायचं नाही, दार मिटायच्या क्षणी हिसकावून उतरतात. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी मनगटाला दोरा बांधायला कोणी आलं तर हात खिशात. कागदावर सही मागणाऱ्या मुली आल्या की थांबायचं नाही. एक सही घेते तोवर दुसरी पर्स उघडते. बाबांनी पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही, याबद्दल वाद नको. आणि काही झालंच तर ११२, हा नंबर युरोपभर फुकट चालतो.

लूव्र मंगळवारी बंद असतं, तेव्हा मंगळवार व्हर्सायला ठेवू नका, कारण सोमवारी व्हर्साय बंद असतं आणि मंगळवारी सगळं गाव तिकडेच लोटतं. लूव्रचं तिकीट २०२५ मध्ये २२ युरो आहे, पण २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना जास्त पडणार आहे, तो खर्च माझा. ते दालन तेव्हा उघडं असेल की नाही, सांगता येत नाही. नसलं तर बाहेरून ती खिडकी दाखवेन.

तुम्हा दोघांच्या जुन्या पासपोर्टचीही पहिली आणि शेवटची पानं व्हिसासाठी लागतील. बाबा, ते लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली आहेत. या आठवड्यात त्यांचे फोटो काढून पाठवा. ते ग्रुपवर नाही, मला एकटीला.

तुमची,
थोरली